व्हिडिओतील हलती वस्तू आणि ॲक्टिव्ह कॉन्टूर: दुसऱ्या फ्रेमला स्नेक का सुटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पादचारी पुलावर स्थिर कॅमेरा लावून रस्त्याचा व्हिडिओ घेतला आहे: ६४० बाय ४८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये एका कारभोवती ओबडधोबड रेषा काढून ॲक्टिव्ह कॉन्टूर, म्हणजे कडेपर्यंत आपोआप सरकणारी लवचिक बंद रेषा (स्नेक), चालवला की तो गाडीला छान बसतो. तोच कॉन्टूर पुढच्या फ्रेमला सुरुवात म्हणून दिला की दोन-तीन फ्रेममध्ये मागे पडतो, लेनच्या पांढऱ्या पट्ट्याला चिकटतो, नाहीतर आकसून ठिपका होतो. अल्फा-बीटा (रेषेचा ताण आणि ताठरपणा ठरवणारे आकडे) बदलून काही उपयोग झाला नाही.

तो होणारही नाही, कारण बिघाड तिथे नाही. स्नेक वस्तू शोधत नाही, जवळच्या कडेला चिकटतो. कास, विटकिन आणि टेर्झोपुलोस यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा गृहीतच असे होते की माणूस किंवा दुसरी एखादी प्रक्रिया रेषा कडेच्या जवळ आणून ठेवेल आणि शेवटचे बारीक काम स्नेक करेल. बोलणाऱ्या माणसाच्या ओठांचा माग त्यांनीही काढून दाखवला होता, पण ओठ एका फ्रेममध्ये जेमतेम सरकतात. तुमची गाडी किती सरकते ते आधी मोजा.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, म्हणजे फ्रेममागे साधारण ०.४४ मीटर. तुमच्या चित्रात १ मीटरला २० पिक्सेल पडत असतील तर गाडी दर फ्रेमला जवळजवळ ९ पिक्सेल पुढे जाते. आता कडेची ओढ किती लांब पोचते ते पाहा. चित्र सिग्मा २ च्या गाउसियन फिल्टरने (सिग्मा म्हणजे धुरकटपणाची रुंदी, पिक्सेलमध्ये) मऊ केले असेल तर ओढ कडेपासून दोन ते तीन सिग्मा, म्हणजे ४ ते ६ पिक्सेलपर्यंतच जाणवते. त्यापलीकडे ऊर्जा, म्हणजे स्नेक जो आकडा कमी करू पाहतो तो, सपाट. ९ पिक्सेल मागे राहिलेल्या स्नेकला पुढच्या बंपरची कड दिसतच नाही. त्याला दिसतो पट्टा, सावली, काच आणि बॉनेट यांच्यामधली रेघ. यांपैकी काहीच दिसले नाही तर अल्फा एकटाच काम करतो आणि कॉन्टूर आकसतो. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे या एकाच कारणाची आहेत.

सिग्मा ६ केला तर ओढ १५ पिक्सेलपर्यंत जाते हे खरे. पण कार तुमच्या चित्रात सुमारे ८० बाय ३४ पिक्सेलची आहे. इतक्या धुरकट चित्रात शेजारच्या कडा एकमेकींत मिसळतात, कोपरे आत सरकतात आणि बाजूने दुचाकी गेली तर ती गाडीचाच भाग होते. ग्रेडियंट व्हेक्टर फ्लो (शू आणि प्रिन्स, १९९७-९८) हा जास्त सभ्य उपाय आहे. त्यात कडेची दिशा आजूबाजूच्या सपाट भागात पसरवली जाते, त्यामुळे दूरचा स्नेकही खेचला जातो. म्यू (पसरवण्याचे प्रमाण) ०.२ घेतलात तर गणिताचे पाऊल १.२५ च्या वर नेऊ नका, नाहीतर आकडे फुटतात. १ ठेवा. पण हा फ्लोसुद्धा ‘सर्वांत जवळची कड कुठे’ एवढेच सांगतो. ती गाडीची आहे की रस्त्याची, ते त्याला कळत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ओढीची लांबी वाढवण्यात वेळ घालवू नका, स्नेकला योग्य जागी नेऊन सोडा. मागोव्याचे निम्मे यश अंदाजात असते.

अंदाज

कारसाठी स्थिर वेगाचा काल्मन फिल्टर (आधीच्या मोजमापांवरून पुढची जागा सांगणारे गणित) पुरतो: केंद्राचे दोन निर्देशांक आणि दोन वेग, एवढीच अवस्था. हे इतके साधे गृहीतक कसे चालते ते आकड्यातच दिसते. गाडीने बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला, म्हणजे वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने घटला, तरी एका फ्रेममागच्या सरकण्यात पडणारा फरक ३ गुणिले ०.०४ चा वर्ग, म्हणजे ०.००५ मीटरच्या आत येतो. चित्रात ०.१ पिक्सेल. वेग नीट ठाऊक असेल तर ९ पिक्सेलची चूक एक-दोन पिक्सेलवर येते आणि मग सिग्मा १.५ सुद्धा पुरतो.

अडचण पहिल्या फ्रेमची, कारण तिथे वेग माहीत नसतो. कॅमेरा स्थिर आहे, त्याचा फायदा घ्या. ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या लायब्ररीतला एमओजी-२ हा पार्श्वभूमी वजा करणारा मार्ग चालवा. त्याची डिफॉल्ट स्मृती ५०० फ्रेमची, म्हणजे तुमच्या व्हिडिओत २० सेकंदांची आहे. सिग्नलला गाडी काही वेळ उभी राहिली की त्याच्याही बरीच आधी तीच पार्श्वभूमी व्हायला लागते, हे लक्षात ठेवा. मास्कमध्ये, म्हणजे हलता भाग पांढरा दाखवणाऱ्या चित्रात, सावली १२७ या मूल्याने येते, म्हणून २०० वर कापा म्हणजे सावलीचा बराच भाग गळेल. मग ३ बाय ३ ने ओपन (बारीक ठिपके पुसणे), ५ बाय ५ ने क्लोज (भोके बुजवणे), आणि सर्वांत मोठ्या ठिपक्याचे केंद्र तीन फ्रेममध्ये कसे सरकले त्यावरून सुरुवातीचा वेग काढा.

गाडी वळत असेल किंवा जवळ येताना मोठी होत असेल तर केंद्राचा अंदाज कमी पडतो. तिथे ऑप्टिकल फ्लो (बिंदू एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेले ते मोजणे) वापरा, पण एक चूक टाळा. बरेच जण कॉन्टूरवरचेच बिंदू लुकास-कनाडे या ऑप्टिकल फ्लोच्या पद्धतीला देतात. त्याची खिडकी २१ बाय २१ ची असते, आणि बाह्यरेषेवर ठेवलेल्या खिडकीत अर्धा भाग स्थिर रस्त्याचा येतो. उत्तर दोघांच्या मधले कुठलेतरी निघते. शिवाय सरळ कडेवरून कडेच्या दिशेने झालेली हालचाल दिसतच नाही. कारच्या लांब बाजूवरचा बिंदू पुढे सरकला की जागीच राहिला, हे त्या छोट्या खिडकीतून सांगता येत नाही. म्हणून कॉन्टूर सहा-सात पिक्सेल आत घ्या आणि त्या आतल्या भागात कोपरे शोधा: नंबर प्लेट, वायपर, आरसा, छतावरचा कॅरियर. ते पुढे ढकला, पुन्हा मागे आणा. मूळ जागेपासून १ पिक्सेलपेक्षा जास्त चुकलेले टाकून द्या. उरलेल्यांवरून सरकणे, फिरणे आणि मोठे-लहान होणे एवढीच चार मापे रॅन्सॅकने (चुकीचे बिंदू बाजूला टाकणाऱ्या पद्धतीने) काढा आणि अख्खा जुना कॉन्टूर त्यातून न्या. आठ-दहा चांगले बिंदू उरले नाहीत तर त्या फ्रेमपुरता काल्मनच्या अंदाजावर विश्वास ठेवा.

ऊर्जा कोणत्या चित्रावर काढायची

इथे थोडे थांबण्यासारखे आहे, कारण पट्ट्याला चिकटण्याचा रोग इथेच बरा होतो. मूळ फ्रेमचा ग्रेडियंट, म्हणजे उजेड किती झपाट्याने बदलतो ते, घेऊ नका. फ्रेममधून पार्श्वभूमी वजा करून जो फरक उरतो त्याचा ग्रेडियंट घ्या. गाडीबाहेर फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून पट्टा, दुभाजक, झेब्रा सगळे पुसले जातात. मात्र गाडीने झाकलेला पट्टा आता गाडीच्या आत भुतासारखा उमटतो, कारण तिथे पार्श्वभूमीत पांढरे आहे आणि फ्रेममध्ये नाही. म्हणजे खोट्या कडा बाहेरून आत गेल्या. यावरून एक पक्का नियम निघतो: सुरुवातीचा कॉन्टूर नेहमी गाडीच्या तीन-चार पिक्सेल बाहेर ठेवा आणि आत येऊ द्या. बाहेरून येताना पहिली भेटणारी कड खरीच असते. अल्फाची आकसण्याची सवय मग तुमच्याच कामी येते.

फुग्यासारखे बाहेर ढकलणारे बल (कोहेन, १९९१) आतून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. काळी कार, काळे डांबर अशा जोडीत कड जिथे अंधुक असते तिथून असा कॉन्टूर गळून बाहेर पसरतो. रस्त्याच्या व्हिडिओत मी ते वापरणार नाही.

सावलीचे दुखणे वेगळे. दुपारनंतरची तिरपी सावली गाडीबरोबर, गाडीच्याच वेगाने धावते, त्यामुळे हालचालीवरून ती वेगळी पडत नाही. सावलीत उजेड कमी होतो, पण लाल-हिरवा-निळा यांचे परस्परप्रमाण फारसे बदलत नाही. तेव्हा प्रत्येक रंगाला तिघांच्या बेरजेने भागून त्या चित्राचा ग्रेडियंट अर्ध्या वजनाने मिसळा. काळ्या गाडीवर हे उलटते, कारण लहान संख्यांना लहान संख्यांनी भागल्यावर निव्वळ गोंगाट उरतो. तिन्ही रंगांची बेरीज १०० च्या खाली असेल तिथे रंगाचे वजन शून्य करा.

अल्फा, बीटा आणि बिंदूंमधले अंतर

अल्फा रबरासारखा आवळतो, बीटा वाकायला विरोध करतो, हे सगळीकडे लिहिलेले असते. न लिहिलेली गोष्ट अशी की या आकड्यांना बिंदूंच्या संख्येशिवाय अर्थ नाही. ४० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळावर ६० बिंदू असतील तर प्रत्येक बिंदूला आत ओढणारा भाग अल्फा गुणिले ०.४४ इतका येतो. तेच १२० बिंदू केले की ०.११, म्हणजे चौथाई. बीटाचा भाग तर सोळाव्या हिश्शावर येतो. ‘बिंदू वाढवले आणि स्नेक अचानक वेडावाकडा झाला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उपाय दोन: मॅट्रिक्स तयार करताना अल्फाला अंतराच्या वर्गाने आणि बीटाला चौथ्या घाताने भागा, किंवा अंतर कायम ठेवा. मी अंतर कायम ठेवतो, ३ पिक्सेल. तुमच्या कारचा घेर सुमारे २२८ पिक्सेल, म्हणजे ७६ बिंदू.

दर फ्रेमच्या शेवटी कॉन्टूरच्या लांबीवर समान अंतराने बिंदू पुन्हा पेरा. ही पायरी वगळली की वीस-तीस फ्रेममध्ये बिंदू ठळक कडांपाशी गोळा होतात, मधला भाग रिकामा पडतो आणि रेषा स्वतःलाच ओलांडून गाठ पाडते. गाठ पडली का ते ओळखायला क्षेत्रफळाचे चिन्ह आणि घेर यांवर नजर ठेवा.

बीटा जास्त झाला की बंपरचे कोपरे गोल कापले जातात. कोपरा ठाऊक असेल तर तेवढ्या बिंदूंवर बीटा शून्य ठेवता येतो. ती सोय मूळ मांडणीतच आहे.

सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीचे तयार फंक्शन वापरत असाल तर चार ठिकाणी पाय घसरतो. त्याला निर्देशांक आधी ओळ आणि मग स्तंभ असे लागतात, तर ओपनसीव्ही आधी एक्स, मग वाय देते. अदलाबदल राहिली तर कॉन्टूर कर्णाच्या पलीकडे आरशासारखा उलटा उमटतो. दुसरे, ० ते २५५ चे पूर्णांक चित्र ते स्वतः ० ते १ मध्ये आणते, पण तेच आकडे दशांश प्रकारात दिलेत तर तसेच घेते. मग कडेचे बल २५५ पट होते आणि अल्फा-बीटा निष्प्रभ. तुमच्याकडे हेही झाले असण्याची दाट शक्यता आहे, कारण आकडे बदलूनही काही फरक पडत नाही असे तुम्ही लिहिले आहे. तिसरे, गॅमा वाढवला की पाऊल लहान होते, मोठे नाही. चौथे, दर वेळी ते संपूर्ण चित्रावर स्प्लाइन बसवते, म्हणून पूर्ण फ्रेम देऊ नका. अंदाज केलेल्या चौकटीला चारही बाजूंनी ३० पिक्सेल जोडून तुकडा कापा, तेवढाच द्या आणि उत्तरात कापलेल्या कोपऱ्याचे निर्देशांक मिळवायला विसरू नका.

कारला इतके स्वातंत्र्य कशाला?

कार लवचिक नाही. तिच्या ७६ बिंदूंना दिलेले १५२ स्वतंत्र आकडे म्हणजे चुकायच्या १५२ वाटा. ब्लेक आणि इसार्ड यांनी नव्वदच्या दशकात जो मार्ग घट्ट बसवला तोच इथे योग्य आहे: आकार एकदा ठरवा आणि पुढे त्याला सहा मापांतच हलू द्या. दोन सरकण्याची, चार फिरणे-ताणणे-तिरपे होणे यांची.

करायचे असे. अंदाज केलेल्या कॉन्टूरवर प्रत्येक बिंदूतून लंब काढा, आत ८ आणि बाहेर ८ पिक्सेल. त्यावर दर पिक्सेलला, बायलिनिअर पद्धतीने, असे १७ नमुने घ्या. बाहेरून आत येताना ठरावीक उंबरठा ओलांडणारी पहिली कड निवडा. सर्वांत जोरदार कड निवडू नका, कारण काच आणि छत यांच्यामधली रेघ बाह्यरेषेपेक्षा अनेकदा ठळक असते. उंबरठा त्या फ्रेममधल्या रिकाम्या रस्त्यावरच्या ग्रेडियंटच्या तिप्पट ठेवून सुरुवात करा. मग ७६ मोजमापांवरून ६ अज्ञाते हुबर वजनाने (मोठ्या चुकांना कमी महत्त्व देऊन) किंवा रॅन्सॅकने काढा. वीस-पंचवीस लंबांवर चुकीची कड मिळाली तरी उत्तर टिकते, आणि याच जागी मोकळा स्नेक हरतो. शोधाची लांबी कायम ८ ठेवण्याऐवजी काल्मनच्या अनिश्चिततेच्या तिप्पट ठेवली तर माग पक्का असताना ती आपोआप आखूड होते आणि शेजारच्या गाडीची कड हाती लागत नाही. हे झाल्यावर हवे असेल तर मोकळा स्नेक दोन पिक्सेलच्या मर्यादेत, १५-२० आवर्तने चालवा. आरसा, कॅरियर असले तपशील त्यात बसतात. पण ही शेवटची दुरुस्ती पुढच्या फ्रेमच्या आकारात मुरू देऊ नका, नाहीतर दर फ्रेमची छोटी चूक साचत जाते.

झाकले जाणे

बस आडवी आली की दोन खुणा मिळतात: कॉन्टूरवरची सरासरी कड-तीव्रता मागच्या वीसेक फ्रेमच्या मध्यकाच्या ६० टक्क्यांखाली जाते, किंवा क्षेत्रफळ एका फ्रेममध्ये पाचव्या हिश्शापेक्षा जास्त बदलते. यांपैकी एक दिसली की आकार गोठवा, मोजमाप बंद करा आणि फक्त काल्मनला पुढे जाऊ द्या. १२-१५ फ्रेमपर्यंत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास, हे चालते. त्याहून पुढे एमओजी-२ च्या मास्कवरून नवी सुरुवात करणे जास्त प्रामाणिक. गर्दीत एकाच वेळी दोन शक्यता जिवंत ठेवायच्या असतील तर इसार्ड आणि ब्लेक यांचा कंडेन्सेशन, म्हणजे पार्टिकल फिल्टर, त्यासाठीच आहे. काल्मन एकच शिखर धरून चालतो.

लेव्हल सेटकडे (बिंदूंऐवजी एका पृष्ठभागावरची शून्य उंचीची रेघ कॉन्टूर म्हणून धरणारी पद्धत) वळावे का, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. पॅरागिओस आणि डेरिश यांनी २००० मध्ये हलत्या वस्तूंसाठी ते वापरून दाखवले. त्यात रेषा आपोआप दुभंगते आणि जुळते. विभाजन होणाऱ्या पेशींच्या व्हिडिओत हा गुण मोलाचा आहे. रस्त्यावर तोच त्रास देतो: कारला चिकटून दुचाकी गेली की दोघी एक होतात. चॅन-व्हेसी ही लेव्हल सेटवरची पद्धत (२००१) तर आत एक आणि बाहेर एक सरासरी उजेड गृहीत धरते. पांढरे छत आणि काळी काच असलेल्या गाडीची ते दोन तुकड्यांत वाटणी करते.

कॅमेऱ्याकडूनच येणारे दोष

१/५० सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये तुमची गाडी ०.२२ मीटर सरकते, म्हणजे पुढची-मागची कड ४.४ पिक्सेल फासली जाते. बाजूच्या कडा मात्र तीक्ष्ण राहतात. लांबी दर वेळी जास्त निघते आणि बाजूंना स्नेक नीट बसतो, असे दिसले तर कारण हेच. एक्सपोजर १/५०० करा, फास अर्ध्या पिक्सेलच्या आत येतो. जुन्या कॅमेऱ्याचे इंटरलेस्ड चित्र असेल तर सम-विषम ओळी एकमेकींपासून साडेचार पिक्सेल सरकलेल्या असतात आणि कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. आधी डीइंटरलेस करा, मग बाकीचे. जास्त दाबलेल्या एच.२६४ व्हिडिओत चौकोनी ठोकळ्यांच्या सीमा खोट्या कडा तयार करतात. बिटरेट वाढवणे हाच त्यावर खरा उपाय.

तपासणीचा क्रम असा ठेवा. स्नेक पूर्ण बंद करून फक्त अंदाज चालवा आणि शंभर फ्रेमवर कॉन्टूर रंगवून पाहा. तो गाडीपासून तीन पिक्सेलच्या आत राहत नसेल तर पुढे जाऊ नका. मग एकाच स्थिर फ्रेमवर लंब आणि निवडलेल्या कडा ठिपक्यांनी दाखवा. कोणता ठिपका कुठे चुकतो ते डोळ्यांना लगेच दिसते. शेवटी दोन्ही जोडा. दर दहाव्या फ्रेमला हाताने रेषा काढून छेद भागिले संयोग हे गुणोत्तर काढा, आणि सोबत हाउसडॉर्फ अंतरही (दोन रेषांमधली सर्वांत मोठी तफावत). पहिले सरासरी सांगते, दुसरे एखादा कोपरा पट्ट्याला अडकला असेल तर तो पकडून देते.

आणि फक्त गाड्या मोजायच्या असतील, बाह्यरेषा नकोच असेल, तर हे सगळे सोडा. चौकट देणारा डिटेक्टर आणि काल्मन एवढ्यात काम होते. अचूक रेषा हवी पण वस्तू नेहमीच्या वर्गातली असेल तर मास्क आर-सीएनएन किंवा २०२४ मध्ये मेटाने आणलेला सॅम-२ यांसारखे वस्तूचा मास्क देणारे प्रशिक्षित मॉडेल आधी चालवून पाहा आणि स्नेकला त्या मास्कची कड पिक्सेलच्या आत नेण्याचे काम द्या. प्रशिक्षणाला पुरेशी खूण केलेली चित्रे नाहीत, सूक्ष्मदर्शकातल्या पेशी किंवा इकोमधली हृदयाची भिंत पाहायची आहे आणि दर फ्रेमची रेषा का तशी आली हे डॉक्टरांना समजावून सांगायचे आहे, अशा ठिकाणी ॲक्टिव्ह कॉन्टूर आजही माझी पहिली निवड असते.